आजाराचा उतारा
एका दवाखान्याची माहिती दुसऱ्या दवाखान्यास कशी कळावी?



गोठ्यातील गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. २०१९ साली लाळ-खुरकताच्या लसीकरणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हापासून हे बिल्ले खेडोपाडी दिसू लागले. जनावर बाजारात विकले गेले, मालक बदलला, तरी त्या क्रमांकावरून लस कधी टोचली याची नोंद पशुवैद्यास पाहता येते. जमिनीचेही तसेच. कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली २००० सालाच्या सुमारास उतारे संगणकावर चढले, आणि एकाच दप्तरात अडकलेली माहिती तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागली.

गाईची नोंद आहे, जमिनीचा उतारा आहे. मग माणसाच्या आजाराचा उतारा कोठे आहे? बहुतेक घरांत तो एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. काही कागद ट्रंकेत, काही गादीखाली, काही उंदराने कुरतडलेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा पाणी घरात शिरलेल्या कुटुंबांची भांडीकुंडी गेली तसे कागदही गेले. म्हणून या पाठात आम्ही एकाच गोष्टीचा विचार करणार आहोत : रोग्याची माहिती दवाखान्यांनी आपसांत कशी वाटून घ्यावी, त्यापासून रोग्यास काय लाभ होतो आणि त्यासाठी आपण काय करावे.

१. अडचण कोठे आहे?

खेड्यातील रोगी एकाच डॉक्टराकडे राहत नाही. आधी गावचा डॉक्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, नंतर तालुक्याचा दवाखाना. तेथे भागले नाही की बेळगाव वा हुबळी. खानापूरकडची मंडळी घाट उतरून गोव्यातील बांबोळीच्या इस्पितळातही जातात. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि तेच चार प्रश्न विचारले जातात : पूर्वी कोणता आजार होता? आता कोणती औषधे चालू आहेत? कोणते औषध सोसत नाही? कोणत्या तपासण्या झाल्या आहेत?

आपण काय उत्तर देतो? "बीपीची एक पांढरी गोळी आहे, सकाळी घेतो." पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी आहेत. डॉक्टर कितीही हुशार असला तरी पांढऱ्या रंगावरून औषध ओळखू शकत नाही. मग तो पुन्हा रक्त काढावयास सांगतो, पुन्हा फोटो काढावयास सांगतो. पैसा जातो, दिवस मोडतो, आणि कधी कधी त्या दिवसातच रोगी हाताबाहेर जातो.

२. चार उदाहरणे

पहिले. एखाद्यास पेनिसिलिन सोसत नाही. दहा वर्षांपूर्वी इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, पण वेळीच उपचार मिळाले व तो वाचला. ही गोष्ट त्या एका दवाखान्याच्या जुन्या फाईलीत पडून आहे. आज पायाला नांगराचा फाळ लागून तो दुसऱ्या दवाखान्यात गेला, तर तेथील परिचारिकेस ती कशी कळावी?

दुसरे. हृदयाची झडप बदललेल्या वा काही विशिष्ट हृदयविकार असलेल्या रोग्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. असा मनुष्य ट्रॅक्टरवरून पडला व डोक्यास मार लागला, तर वरून जखम न दिसताही आत रक्त साठू शकते. गोळीचे नाव कळले तर डॉक्टर ताबडतोब डोक्याचा फोटो काढतात, गोळीचा परिणाम उतरविणारे औषध देतात. नाव न कळल्यास बहुमोल तास वाया जातात.

तिसरे. आपल्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणास माहेरी येते. सात-आठ महिने तिची तपासणी सासरच्या गावी झालेली असते. तिचा रक्तगट 'निगेटिव्ह' असून बाळाचा 'पॉझिटिव्ह' निघाला, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत तिला 'अँटी-डी' नावाचे इंजेक्शन द्यावे लागते. ते चुकले तर बहुधा या बाळास काही होत नाही, परंतु पुढच्या गर्भास धोका उत्पन्न होतो. सासरच्या दवाखान्यातील माहिती माहेरच्या दवाखान्यात आधीच पोचली, तर इंजेक्शन आणून ठेवता येते.

चौथे. ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरास क्षयरोग झाला. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ तितकाच. गाव सुटले म्हणून औषध सुटले, तर जंतू औषधास दाद देईनासे होतात व तो रोग मुलाबाळांपर्यंत पोचतो. या एका बाबतीत आपल्या देशाने वाट काढली आहे. 'निक्षय' नावाच्या संगणक-नोंदवहीत २०१२ पासून क्षयरोग्यांची नोंद होते. रोग्यास क्रमांक मिळतो. तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याची नोंद तेथील केंद्राकडे वळविता येते, व औषध पुढे चालू राहते. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये व नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये बँकेत जमा करण्याची सोयही याच नोंदीवर चालते.

या चारही उदाहरणांत डॉक्टरांचे ज्ञान कमी पडले नाही आणि औषधही दुर्मिळ नाही. अडते ते एवढ्यावरच, की एकास ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यास वेळेवर कळत नाही.

३. इतरांनी काय केले?

१९९९ साली अमेरिकेतील वैद्यकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशातील इस्पितळांत उपचारांतील चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा अंदाज त्यात होता. इतक्या संपन्न देशात ही स्थिती! त्यानंतर चुका शोधण्याच्या व रोखण्याच्या कामास जोर आला.

त्यांतील एक उपाय अगदी साधा आहे. रोग्याच्या मनगटास एक पट्टी बांधतात, तिच्यावर दुकानातील मालावर असतात तशा काळ्या रेषा छापलेल्या असतात. औषधाच्या पुडीवरही तशाच रेषा. परिचारिका औषध देण्यापूर्वी दोन्ही यंत्रापुढे धरते. रोगी, औषध, मात्रा व वेळ जुळली तरच यंत्र होकार देते. बोस्टन शहरातील एका मोठ्या इस्पितळात याची पाहणी करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध देण्यातील चुका (वेळ मागेपुढे होण्याच्या चुका सोडून) शंभरात ११.५ होत्या, त्या ६.८ वर आल्या. चुका नाहीशा झाल्या नाहीत, पण शंभर चुकांतील सुमारे चाळीस टळल्या.

दुसरा धडा पुराचा. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर कत्रिना वादळात बुडाले. ज्यांच्या नोंदी केवळ कागदावर होत्या, त्या अनेकांच्या फाईली चिखलात गेल्या. माजी सैनिकांच्या इस्पितळाच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या. विस्थापित सैनिक दुसऱ्या शहरांत पोचले, तेव्हा तेथील माजी सैनिकांच्या दवाखान्यांत डॉक्टरांना त्यांचे आजार व औषधे पाहता आली.

तिसरा धडा एस्टोनिया या चिमुकल्या देशाचा. तेथे २००८ पासून सर्व दवाखान्यांच्या नोंदी एका जाळ्याने जोडल्या आहेत. विशेष असे, की आपली नोंद कोणी पाहिली हे रोग्यास स्वतः तपासता येते. शेजाऱ्याच्या आजाराविषयी उगाच कुतूहल असलेला कर्मचारी त्यामुळे सहज पकडला जातो.

४. आपल्या देशातील व्यवस्था

आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला, आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने ते देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकास चौदा आकडी क्रमांक घेता येतो. त्यास 'आभा' क्रमांक म्हणतात. गाईचा क्रमांक बारा आकडी, आपला चौदा आकडी, एवढे ध्यानात ठेवावे!

पुष्कळांचा समज असा, की सगळ्यांचे आजार दिल्लीतील एखाद्या मोठ्या संगणकात भरून ठेवले जातात. तसे नाही. ही रचना समजण्यास आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे उदाहरण फार चांगले आहे. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, तेथील वहीतच ती नोंद राहते. दुसऱ्या गावी लग्न ठरले की तेथील फादर मूळ चर्चमधून दाखला मागवितात. लग्न झाल्यावर ती बातमी मूळ चर्चला कळवितात व जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद होते. वही हलत नाही, दाखला मात्र जातो. 'आभा'चे तत्त्वही हेच. रक्त तपासले बेळगावात, तर अहवाल त्या दवाखान्याच्या संगणकातच राहतो. आभा क्रमांक हा दोरा. त्यात निरनिराळ्या दवाखान्यांची पाने ओवली जातात. दुसऱ्या डॉक्टरास पान हवे असेल तर विनंती रोग्याच्या मोबाईलवर येते. कोणते कागद दाखवायचे, किती काळासाठी, हे रोग्याने ठरवावयाचे. दिलेली परवानगी परतही घेता येते.

याच योजनेत ऑक्टोबर २०२२ पासून आणखी एक सोय सुरू झाली. इस्पितळाच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो, बाजारात पैसे देण्यासाठी असतो तसाच. मोबाईलने तो टिपला की नाव, वय, पत्ता खिडकीवर पोचतो व आपणांस क्रमांक मिळतो. पहाटेच्या बसने येऊन रांगेत ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या माणसास याचे मोल विचारा. मात्र सर्वच दवाखान्यांत ही व्यवस्था नाही. खाजगी दवाखान्यांपैकी काही जोडलेले आहेत, काही नाहीत. म्हणून जाताना विचारून घ्यावे.

५. नेहमीच्या शंका

*आभा कार्ड म्हणजेच पाच लाखांचे आयुष्मान कार्ड काय?*
नव्हे. ही गफलत फार मोठी आहे. आयुष्मान कार्ड २०१८ साली सुरू झालेल्या योजनेचे. त्यावर पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा इस्पितळातील उपचार मिळतो. आभा क्रमांक केवळ नोंदीचा आहे. तो दाखविल्याने बिल माफ होत नाही.

*तो घ्यावाच लागतो काय?*
सक्ती नाही व पैसेही पडत नाहीत. घेतलेला क्रमांक नको झाल्यास बंद करता येतो.

*आमच्या हाताचे ठसे उमटत नाहीत, मग?*
माती व विळा यांनी शेतकऱ्याची बोटे झिजतात, हे खरे. तरीही आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येणारा आकडा सांगून आभा क्रमांक मिळतो. म्हणून मोबाईल क्रमांक बदलला असल्यास प्रथम आधार केंद्रावर जाऊन तो दुरुस्त करून घ्यावा.

*आमचा आजार गावभर होईल काय?*
ही भीती खोटी म्हणता येणार नाही. क्षय, मनोविकार, एचआयव्ही या आजारांची वाच्यता झाली की मुलीचे लग्न मोडते, घरमालक खोली सोडावयास सांगतो. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही बाधित व्यक्तीची स्थिती, काही ठराविक अपवाद सोडल्यास, तिच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही २०२३ साली संमत झाला. परंतु कायद्याइतकीच आपली सावधगिरी महत्त्वाची. ज्या डॉक्टरास गरज आहे त्यासच, गरजेपुरतेच कागद दाखवावेत. फोनवरून कोणी मोबाईलवर आलेला आकडा विचारला, तर तो कदापि सांगू नये, मग बोलणारा कितीही गोड बोलो.

६. यंत्राच्या मर्यादा

यंत्राचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली मर्यादा : जे पेराल तेच उगवेल. नोंद चुकीची झाली तर ती चूकही दवाखान्या-दवाखान्यांतून फिरत राहील. आपल्या गावांत पास्कू, जुझे, मारिया ही नावे घराघरांत. बाप्तिस्म्याचे नाव एक, हाक मारण्याचे दुसरे, आधारवरील स्पेलिंग तिसरेच. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या पानावर चढला तर अनर्थ होईल. म्हणून नाव, जन्मतारीख व क्रमांक तिन्ही जुळतात की नाही, हे खिडकीवरच पाहावे.

दुसरी : संगणक बंद पडू शकतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स या देशातील अग्रगण्य इस्पितळावर संगणक-चोरांनी हल्ला केला. कित्येक दिवस तेथील नोंदणी व अहवालांची कामे हाताने करावी लागली. एम्सची ही गत, तर जेथे पावसाळ्यात वीज व नेटवर्क दोन्ही जातात त्या आपल्या भागाने कागद पूर्णपणे सोडून चालणार नाही.

तिसरी : परवानगी देणारा मनुष्य शुद्धीवर असावा लागतो. बेशुद्ध रोगी मोबाईलवर होकार देऊ शकत नाही. अशा वेळी खिशातील चार ओळींची चिठ्ठी मोठ्या संगणकापेक्षा अधिक कामास येते.

चौथी : यंत्र माहिती देते, सेवा माणूसच करतो. डॉक्टर पडद्याकडे पाहत बसला व रोग्याकडे पाहिलेच नाही, तर सगळा खटाटोप व्यर्थ होय.

७. आपण काय करावे?

(१) घरातील प्रत्येकासाठी एक वेगळी फाईल करा. वर नाव, जन्मतारीख, रक्तगट (तपासलेला असल्यासच) व आभा क्रमांक घेतला असल्यास तो लिहा. सर्वांत नवा कागद वर ठेवा. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंच जागी ठेवा.

(२) चालू औषधांची नावे गोळ्यांच्या पाकिटावरून उतरून घ्या. पाकीट कापताना नाव छापलेला भाग शेवटपर्यंत राखा.

(३) जे औषध सोसत नाही त्याचे नाव तांबड्या शाईने लिहा, आणि ते घेतल्यावर काय झाले तेही लिहा.

(४) रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाचे इन्शुलिन वा फिटचे औषध चालू असलेल्याने आजाराचे नाव, औषधाचे नाव व घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात बाळगावी.

(५) इस्पितळातून घरी सोडताना मिळणारा सारांशाचा कागद मागितल्यावाचून बाहेर पडू नका. तो वाचून घ्या. न कळल्यास सिस्टरला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

(६) मोबाईल असल्यास अशा कागदांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा व एक प्रत मुलाच्या वा मुलीच्या मोबाईलवर पाठवा.

(७) माहेरी येणाऱ्या लेकीने तपासणीचे कार्ड, रक्तगटाचा व सोनोग्राफीचा अहवाल सोबत आणावा. सासूबाईंनी तो आठवणीने द्यावा.

(८) फवारणी करताना विषबाधा झाल्यास दूषित कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आणि औषधाचा डबा वा लेबल रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावे. कोणतेही जाळे तुमच्या शेतातील डब्याचे नाव डॉक्टरास सांगू शकणार नाही. ते तुम्हीच सांगावयाचे आहे.

(९) दवाखाना योजनेस जोडलेला असेल, तर नोंदणीच्या वेळीच आभा क्रमांक सांगा. नंतर सांगितल्यास त्या दिवसाचे अहवाल दोऱ्यात ओवायचे राहून जाण्याचा संभव असतो.

वाड्यावाड्यांत शिकलेली मुले आहेत. त्यांनी एका रविवारी चार वृद्धांजवळ बसून त्यांच्या फाईली लावून दिल्या, तर मोठेच काम होईल. मात्र दुसऱ्याचे कागद हाताळताना जे वाचले ते तेथेच विसरावे, हा नियम काटेकोरपणे पाळावा.

बंधुभगिनींनो, जमिनीचा उतारा बिनचूक असावा म्हणून आपण कचेरीत खेटे घालतो. हद्दीची एक रेघ चुकली तर वर्षानुवर्षे भांडतो. तेवढीच काळजी शरीराच्या उताऱ्याची घेऊ या. शेत पुढच्या पिढीलाही कसता येईल, पण कसणारा हात एकदा गेला तर तो परत मिळत नाही.

विचारा व चर्चा करा

१. आपल्या घरातील प्रत्येकाच्या चालू औषधांची नावे घरातील दुसऱ्या कोणास सांगता येतील काय?
२. आयुष्मान कार्ड व आभा क्रमांक यांत फरक कोणता?
३. आपल्या जवळच्या दवाखान्यात आभा क्रमांकाची नोंद घेतात काय? तेथे जाऊन विचारा व शेजाऱ्यांस सांगा.
४. आजाराची माहिती कोणास सांगावी व कोणापासून राखावी? उदाहरणे देऊन बोला.